ग्यूझ (बिअर)

ग्यूझ हा बेल्जियममधील आंबट बिअरचा एक पारंपरिक प्रकार आहे. वेगवेगळ्या वयाच्या लॅम्बिक बिअर एकत्र करून ते मिश्रण बाटलीत पुन्हा आंबवले की ग्यूझ तयार होते. लॅम्बिकमध्ये बाहेरून यीस्ट घातले जात नाही. हवेतील आणि लाकडी पिंपांतील सूक्ष्मजीवांमुळे ती आपोआप आंबते. तिचे उत्पादन प्रामुख्याने ब्रसेल्स शहरात, तसेच शहराच्या नैर्ऋत्येकडील सेन नदीचे खोरे व पायोटेनलंड या ग्रामीण भागात होते. ग्यूझमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ५ ते ८ टक्के असते. ठळक आंबटपणा, कोरडा शेवट, भरपूर फेस आणि वाळलेले गवत, चामडे किंवा गोठा यांची आठवण करून देणारा गंध ही तिची वैशिष्ट्ये आहेत.

बहुतेक बिअरमध्ये असा आंबटपणा आणि असे गंध हे बिघाडाचे लक्षण मानले जातात. ग्यूझचे मूल्यमापन त्यामुळे वेगळ्या निकषांवर करावे लागते. आंबटपणा किती आहे यापेक्षा तो कोणत्या आम्लामुळे आला आहे आणि इतर घटकांशी त्याचा तोल साधला आहे का, हे प्रश्न येथे अधिक महत्त्वाचे ठरतात.

## निर्मिती

लॅम्बिकसाठी बार्लीचे माल्ट आणि माल्ट न केलेला गहू वापरतात. गव्हाचे प्रमाण किमान ३० टक्के असते. धान्याचा अर्क काढण्याच्या पारंपरिक पद्धतीत पीठूळ, गढूळ द्रव वेगळा काढून तापवला जातो. त्यामुळे अर्कात पिष्टमय पदार्थ व डेक्स्ट्रिन शिल्लक राहतात आणि पुढील दोन-तीन वर्षे सूक्ष्मजीवांना अन्न पुरवतात. हा अर्क कित्येक तास उकळला जातो. त्यात मुद्दाम जुने, काही वर्षे साठवलेले हॉप्स घालतात. जुन्या हॉप्सचा कडवटपणा व सुगंध कमी झालेला असतो, मात्र नको असलेल्या जिवाणूंना रोखण्याची त्यांची क्षमता काही अंशी टिकून असते.

उकळलेला अर्क उथळ, उघड्या धातूच्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात. या वेळी हवेतील यीस्ट व जिवाणू त्यात मिसळतात. रात्री पुरेशा थंड असाव्या लागत असल्याने हे काम साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल या काळातच केले जाते. दुसऱ्या दिवशी अर्क ओकच्या किंवा चेस्टनटच्या जुन्या पिंपांत भरला जातो.

पिंपातील किण्वन टप्प्याटप्प्याने होते:

- पहिल्या महिन्याभरात आतड्यांतील जिवाणूंच्या कुळातील जिवाणू व काही रानटी यीस्ट क्रियाशील असतात. आम्लता व मद्यार्क वाढताच हे जिवाणू नाहीसे होतात.
- त्यानंतर सॅकरोमायसिस यीस्ट साखरेचे मद्यार्कात रूपांतर करते. हा मुख्य किण्वनाचा काळ काही महिने चालतो.
- पुढे पेडिओकॉकस जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. दह्याचा आंबटपणाही याच आम्लामुळे येतो.
- शेवटच्या व सर्वांत दीर्घ टप्प्यात ब्रेटॅनोमायसिस यीस्ट उरलेले डेक्स्ट्रिन संथपणे संपवते आणि ग्यूझचा खास गंध निर्माण करते.

ब्रेटॅनोमायसिस हे नाव कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ निल्स हेल्टे क्लाउसेन यांनी १९०४ साली इंग्लिश बिअरमधील यीस्टच्या संदर्भात दिले. याच प्रजातीतील ब्रसेल्सचे नाव धारण करणारी जाती लॅम्बिकशी जोडलेली आहे.

### मिश्रण

ग्यूझचे पहिले मूल्यमापन मिश्रणकार करतो. एकाच दिवशी भरलेली दोन पिंपे दोन वर्षांनी एकमेकांपासून पूर्णपणे वेगळी निघू शकतात. त्यामुळे प्रत्येक पिंपातील लॅम्बिक चाखून तिची निवड करावी लागते. एक वर्षाची तरुण लॅम्बिक किण्वनासाठी साखर व ताजेपणा पुरवते, दोन वर्षांची लॅम्बिक मिश्रणाला भरीवपणा देते, तर तीन वर्षांची लॅम्बिक गंधाची खोली वाढवते. मिश्रण जाड काचेच्या बाटल्यांत भरून बूच लावतात आणि अनेक महिने आडवे ठेवतात. तरुण लॅम्बिकमधील साखरेपासून बाटलीतच कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पारंपरिक पद्धतीत यासाठी वेगळी साखर घातली जात नाही.

या टप्प्यात तापमानाला फार महत्त्व आहे. २००९ साली बेर्सेल येथील द्री फोंतेइनन या उत्पादकाच्या कोठारातील तापमान नियंत्रक बिघडला. अतिउष्णतेमुळे हजारो बाटल्या फुटल्या आणि उरलेला मोठा साठा ग्यूझ म्हणून विकण्यायोग्य राहिला नाही. त्यातील बिअर पुढे ऊर्ध्वपातित करून तिचे मद्य बनवण्यात आले.

## आस्वाद व मूल्यमापन

### बाटली व पेला

ग्यूझ १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तळघराच्या तापमानाला पिणे योग्य मानतात. अतिथंड बिअरमध्ये गंध दबतात, आंबटपणा व तुरटपणा मात्र अधिक बोचतो. आडव्या ठेवलेल्या बाटलीत तळाशी यीस्टचा गाळ असतो. तो ढवळू नये म्हणून बाटली वेताच्या टोपलीत आडवी ठेवूनच उघडण्याची बेल्जियममध्ये पद्धत आहे. पर्याय म्हणून बाटली आधी काही काळ उभी ठेवतात. पेला वरच्या बाजूस किंचित निमुळता व साबणाचा अंश नसलेला असावा. बिअर संथपणे ओतून शेवटचा गाळ बाटलीतच ठेवतात.

### रूप

चांगली ग्यूझ सोनेरी रंगाची आणि स्वच्छ पारदर्शक असते. तिचा फेस पांढरा, दाट व दीर्घकाळ टिकणारा असतो आणि पेल्यात बुडबुडे सतत वर येत राहतात. फेस अजिबात न येणे हे बाटलीतील किण्वन फसल्याचे किंवा बुचातून वायू निसटल्याचे लक्षण असू शकते. बाटली उघडताच बिअर उसळून बाहेर आल्यास मिश्रणात साखर जास्त राहिली असण्याची शक्यता असते.

### गंध

बाटली उघडल्यावर कधीकधी गंधकासारखा वास येतो. तो काही मिनिटांत विरतो, म्हणून पहिल्या हुंगण्यावरून निष्कर्ष काढला जात नाही. अनुभवी परीक्षक थोड्या थोड्या वेळाने पुन्हा वास घेतात, कारण बिअर कोमट होत जाते तसे तिच्यातील थर उलगडतात.

ग्यूझच्या गंधात लिंबू, द्राक्षफळ, हिरवे सफरचंद यांसारख्या फळांचा भाग असतो. त्याबरोबर मध, वाळलेले गवत, ओक, चामडे, ओली माती आणि घोड्याच्या पाठीवरील कांबळे अशी वर्णने केली जातात. यांपैकी गोठ्याच्या व चामड्याच्या छटा मुख्यतः ब्रेटॅनोमायसिसने तयार केलेल्या ४-एथिलफेनॉलमुळे, तर लवंग व धुराच्या छटा ४-एथिलग्वायाकॉलमुळे येतात. एथिल लॅक्टेटसारखी एस्टर फळांचा सौम्य गंध देतात. हॉप्सचा सुगंध जवळपास नसतो. उग्र धूर, सिगार, जुनाट चीज किंवा विष्ठा यांची आठवण करून देणारे गंध मात्र अनिष्ट मानले जातात. चीजसारखा वास जुन्या हॉप्समधील आयसोव्हॅलेरिक आम्लामुळे येऊ शकतो.

### चव

चव घेताना आंबटपणाचे प्रमाण, प्रकार आणि कालावधी हे तीनही पाहिले जातात. लॅक्टिक आम्लाचा आंबटपणा गोलाकार असतो व जिभेवर पसरतो. ॲसेटिक आम्लाचा आंबटपणा नाकात व घशात टोचतो. ग्यूझमध्ये ॲसेटिक आम्लाची अल्प छटा चालते, किंबहुना ती गुंतागुंत वाढवते. पण बिअर व्हिनेगरसारखी लागू लागली, की पिंपात जास्त प्राणवायू शिरला असा निष्कर्ष निघतो.

पहिल्या घोटातील आंबटपणामुळे लाळ सुटते आणि जीभ काही काळ इतर चवी नीट टिपू शकत नाही. म्हणून निर्णय दुसऱ्या किंवा तिसऱ्या घोटानंतर घेणे इष्ट समजतात. आंबटपणामागे गव्हाची व माल्टची मंद गोडी, मध किंवा फळाचा गर जाणवल्यास तोल साधला असे म्हणतात. केवळ आंबट, मागे काहीच नसलेली बिअर तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असली तरी सामान्य गणली जाते. हॉप्सचा कडवटपणा नगण्य असतो. ब्रेटॅनोमायसिसने जवळपास सर्व शर्करा वापरल्यामुळे शेवट कोरडा असतो. ग्यूझची अंतिम घनता साधारण १.००० ते १.००६ इतकी खाली येते.

### मुखस्पर्श

कोरडेपणा असूनही चांगली ग्यूझ पाणचट लागत नाही. बारीक बुडबुडे, ओकमधील टॅनिनचा सौम्य तुरटपणा आणि मद्यार्काची किंचित ऊब यांमुळे तिला अंग मिळते. तोंड कोरडे पाडणारा तीव्र तुरटपणा किंवा घशात जळजळ करणारी आम्लता हे उणेपण मानले जाते.

### दोष

- नखांचा रंग काढण्याच्या द्रावणासारखा वास: एथिल ॲसिटेटचे प्रमाण वाढल्याने येतो आणि बहुधा व्हिनेगरच्या चवीसोबत आढळतो.
- खवट लोणी किंवा ओकारीसारखा वास: ब्युटिरिक आम्लामुळे येतो. तो कोणत्याही प्रमाणात इष्ट नाही.
- ताज्या लोण्यासारखी चव: डायॲसिटिलमुळे येते. पेडिओकॉकसने तयार केलेले हे संयुग ब्रेटॅनोमायसिस कालांतराने कमी करते. त्यामुळे ते आढळल्यास बिअर अपरिपक्व असल्याचे समजते.
- तार धरणारा, तेलकट दाटपणा: हादेखील पेडिओकॉकसमुळे निर्माण होतो. पिंपात किंवा बाटलीत पुरेसा काळ गेल्यावर तो सहसा नाहीसा होतो.
- उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव: टेट्राहायड्रोपिरिडीन गटातील संयुगांमुळे येते. आम्लधर्मी बिअरमध्ये ही संयुगे फारशी उडून जात नाहीत, म्हणून नाकाला वास येत नाही. लाळेमुळे आम्लता घटल्यावर, म्हणजे घोट गिळून काही सेकंद झाल्यावर ती चव जाणवते. सर्वांना ती सारखी ओळखता येत नाही. घाईने पुढचा घोट घेणाऱ्याच्या हातून हा दोष हमखास निसटतो.
- कुबट, ओल धरलेल्या तळघरासारखा वास: दूषित बुचामुळे येतो. हा निर्मितीचा नव्हे, त्या विशिष्ट बाटलीचा दोष असतो. म्हणून दुसरी बाटली उघडून पाहतात.

### गुणांकन

अमेरिकेतील बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या शैलीसूचीत ग्यूझचा समावेश युरोपीय आंबट बिअरच्या गटात केला आहे. या संस्थेच्या गुणपत्रिकेत ५० गुण पुढीलप्रमाणे विभागलेले असतात: गंध १२, रूप ३, चव २०, मुखस्पर्श ५ आणि एकूण प्रभाव १०. ४५ ते ५० गुणांची बिअर असामान्य, ३८ ते ४४ गुणांची उत्कृष्ट आणि ३० ते ३७ गुणांची अतिशय चांगली मानली जाते. शैलीचे वर्णन समोर ठेवून गुण दिले जातात. त्यामुळे गोठ्याचा गंध ग्यूझला गुण मिळवून देतो, तर तोच गंध पिल्सनरचे गुण घटवतो.

## साठवण व वय

ग्यूझ बाटलीत जिवंत असते. थंड व अंधाऱ्या जागी ती दहा ते वीस वर्षेही टिकू शकते. काळानुसार ताज्या फळांचा गंध मावळतो आणि मध, वाळलेली फळे, चामडे यांच्या छटा पुढे येतात. जुनी बाटली तपासताना ओल्या पुठ्ठ्यासारखा ऑक्सिडीकरणाचा वास आला आहे का, हे विशेषतः पाहिले जाते.

## संबंधित प्रकार

क्रीक ही लॅम्बिकमध्ये आंबट चेरी भिजवून, तर फ्रांब्वाझ रासबेरी घालून तयार करतात. फारो ही साखर घालून गोड केलेली लॅम्बिक होय. पश्चिम फ्लँडर्समधील तांबडी आंबट बिअर वेगळ्या परंपरेतील आहे. रूसेलारे येथील रोडेनबाख ही तिची प्रसिद्ध उत्पादक असून या बिअरमध्ये ॲसेटिक आम्लाची ठळक छटा स्वीकार्य असते. बेल्जियमबाहेरही या धर्तीवर बिअर तयार होते. अमेरिकेतील मेन राज्यातील अलागॅश या उत्पादकाने २००७ साली अर्क निवविण्यासाठी पारंपरिक उघडे पात्र बसवले. कढईतच जिवाणू घालून थोड्या दिवसांत आंबवलेल्या आधुनिक बिअरमध्ये लॅक्टिक आंबटपणा स्वच्छ असतो, पण ब्रेटॅनोमायसिसची गुंतागुंत नसते. म्हणून तिची ग्यूझशी थेट तुलना केली जात नाही.

## ऱ्हास, पुनरुज्जीवन व संरक्षण

विसाव्या शतकात पिल्सनर व गोड शीतपेयांच्या प्रसारामुळे पारंपरिक ग्यूझची मागणी घटली. अनेक उत्पादक व मिश्रणकार बंद पडले. काहींनी गाळलेली, गोड केलेली ग्यूझ बाजारात आणली. एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न पेये विकली जाऊ लागल्याने ग्यूझची चव नेमकी कशी असावी हाच प्रश्न निर्माण झाला. १९७५ साली फ्रांक बोन यांनी पारंपरिक ग्यूझचे काम सुरू केले. ब्रसेल्समधील कांतियाँ या १९०० साली स्थापन झालेल्या उत्पादकाने १९७८ साली आपल्या वास्तूत ग्यूझ संग्रहालय उघडले. १९९७ साली पारंपरिक लॅम्बिक उत्पादकांची होराल ही संघटना स्थापन झाली. ती दर दोन वर्षांनी उत्पादकांच्या वास्तू पाहण्याची फेरी आयोजित करते.

१९९७ पासून युरोपीय संघाने ‘जुनी ग्यूझ’ या अर्थाच्या फ्रेंच व डच नामाभिधानांना पारंपरिक वैशिष्ट्यपूर्ण उत्पादन म्हणून संरक्षण दिले आहे. त्यासाठी सर्व घटक उत्स्फूर्त किण्वनाचे असावे लागतात. मिश्रणाचे सरासरी वय किमान एक वर्ष असावे लागते आणि त्यातील सर्वांत जुना घटक लाकडी पिंपात किमान तीन वर्षे मुरलेला असावा लागतो. हे संरक्षण उत्पादनपद्धतीला आहे, भौगोलिक क्षेत्राला नाही. वेष्टनावरील हा शब्द ग्राहकाला गोड केलेल्या ग्यूझपासून पारंपरिक ग्यूझ वेगळी ओळखण्यास मदत करतो. बेल्जियममधील बिअर संस्कृतीचा युनेस्कोने २०१६ साली मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

## हेही पहा

- लॅम्बिक
- क्रीक
- किण्वन
- ब्रेटॅनोमायसिस
- लॅक्टिक आम्ल
- बेल्जियममधील बिअर