ड्रम उघडून बघितला का?

गेल्या दिवाळीला, म्हणजे २०२५ च्या, करमाडला गेलो होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की शेंद्र्याची एमआयडीसी लागते, ती मागे पडली की करमाड. पुण्यात कुणी विचारलं तर मी अजूनही "औरंगाबादजवळ" असं सांगून मोकळा होतो.) ताईपण तिच्या चिरंजिवांना घेऊन आली होती. वय वर्षे तीन. दिवसभर फटाक्यांच्या धुरात आणि रात्रभर खोकला. आईने कपाटातून एक बाटली काढली. लालसर औषध, अर्धं संपलेलं, लेबल चिकट होऊन निम्मं निघालेलं. म्हणाली, "एक चमचा दे, झोपेल बिचारा."

एरवी मी काहीच बोललो नसतो. पण तीन आठवडे छिंदवाड्याच्या बातम्या वाचत होतो. मी म्हणालो, "थांब." आई जरा दुखावलीच. "तुम्ही दोघं असल्याच बाटल्यांवर मोठे झालात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रात्र मध चाटवून आणि पाठ चोळून काढली.

भाऊबीजेला मामाचा मुलगा जेवायला आला. आम्ही त्याला दादा म्हणतो. एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, म्हणजे दिवसभर प्रयोगशाळेत. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं, यात ते डीईजी असेल का रे? तो हसला. "असं डोळ्यांनी बघून कळलं असतं तर माझी नोकरीच नसती."

तिथून विषय निघाला तो दुपारचा चहा होईपर्यंत चालला. पुण्याला परत आल्यावर मी वाचत बसलो. आजचा लेख त्यातूनच. (इंजिनिअरिंग केमिस्ट्रीत मी काठावर पास झालेलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो.)

डीईजी म्हणजे डायएथिलीन ग्लायकॉल. रंग नाही, जवळजवळ वास नाही, पाकासारखं दाट आणि चवीला गोड. ब्रेक ऑइल, रेझिन, कापडउद्योग अशा ठिकाणी लागतं. प्रयोगशाळेच्या हिशोबाने तसं गरीब रसायन. सहज पेट घेत नाही, हवेत फारसं उडत नाही. हातमोजे, चष्मा, झाकण घट्ट, झालं. धोका एकच, ते पोटात जाणं. यकृतात त्याचं डायग्लायकोलिक ॲसिड होतं आणि ते मूत्रपिंडाच्या पेशी मारतं. आधी उलट्या आणि पोटदुखी, मग लघवी कमी होत होत बंद.

गोची अशी की औषधात चालणारे ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल हे दोघंही दिसायला असेच. तसेच पातळ-दाट, तसेच गोडसर. आणि डीईजी त्यांच्यापेक्षा स्वस्त.

पहिला मोठा अपघात मात्र बनवाबनवीचा नव्हता. १९३७ साली अमेरिकेत मॅसेनगिल नावाच्या कंपनीला सल्फानिलामाइड हे औषध गोळीऐवजी पातळ स्वरूपात विकायचं होतं. ते पाण्यात नीट विरघळेना. कंपनीचा मुख्य केमिस्ट हॅरॉल्ड वॉटकिन्स याला ते डीईजीत विरघळतं असं दिसलं. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. चव बघितली, रंग बघितला, वास बघितला. विषारी आहे का, हे कुणी बघितलं नाही, कारण तेव्हाच्या कायद्यात तशी सक्तीच नव्हती. १०५ माणसं गेली, त्यात ३४ मुलं. खटला कशावर भरला माहितेय? चुकीच्या नावावर! 'एलिक्झिर' म्हणजे त्यात अल्कोहोल हवं, ते नव्हतं. बाटलीवर नुसतं 'सोल्यूशन' लिहिलं असतं तर तेवढाही गुन्हा लागला नसता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेने नवा औषध कायदा केला. विकण्याआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवा, हा नियम तिथून आला.

म्हणजे १९३८ नंतर जगाला हे माहीत होतं. आता आपल्याकडे या.

जानेवारी १९८६. मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूतला किंवा डोळ्यातला दाब उतरवायला रुग्णांना तोंडावाटे ग्लिसरीन देत असत. अगदी नेहमीचं, कुणी दोनदा विचार करू नये असं औषध. आणि अचानक भलत्याच आजारासाठी दाखल झालेल्या लोकांची मूत्रपिंडं बंद पडू लागली. डॉक्टरांनी मागे मागे जात धागा शोधला तो ग्लिसरीनपर्यंत पोचला. त्यात डीईजी होतं. तोपर्यंत १४ रुग्ण गेले होते. डोकं किंवा डोळा बरा व्हावा म्हणून आलेले लोक, दवाखान्याच्याच औषधाने.

चौकशीसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला. १९८७ च्या अखेरीस त्यांनी अहवाल दिला. मला वाटलं होतं, कुणीतरी एक खलनायक निघेल. तसं नव्हतं. औषधाच्या नावाखाली औद्योगिक दर्जाचा माल देणारे पुरवठादार, रुग्णालयाची खरेदी, ज्यांनी लक्ष ठेवायचं ते अन्न व औषध प्रशासन, आणि थेट मंत्र्यांपर्यंत. लेंटिन यांनी कुणालाच सोडलं नाही. प्रत्येकाकडे कागद होता, आणि प्रत्येकाने आपल्या अलीकडच्या माणसाच्या कागदावर विश्वास ठेवला होता किंवा सोयीने डोळे मिटले होते. एवढा स्पष्ट अहवाल हातात आल्यावर हा विषय आपल्यापुरता तरी संपायला हवा होता.

संपला नाही. १९९८ मध्ये गुडगाव आणि दिल्लीकडे पुन्हा खोकल्याचं औषध, ३३ मुलं गेली. २०२० च्या सुरुवातीला जम्मूत उधमपूर जिल्ह्यातलं रामनगर, किमान १२ मुलं. २०२२ मध्ये गांबियात भारतात बनलेल्या सिरपमुळे सुमारे ७० मुलं गेल्याचा आरोप झाला. त्यानंतर २०२३ च्या जूनपासून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपची तपासणी सक्तीची झाली. निर्यात होणाऱ्या, हां. छिंदवाडा, नागपूर, करमाडसाठी ती सक्ती नव्हती.

आणि मग २०२५ चा सप्टेंबर. छिंदवाड्यातल्या परासिया भागातली लहान लहान मुलं, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. साधा सर्दी-खोकला, मग लघवी बंद. बऱ्याच जणांना नागपूरला आणलं आणि कित्येक जण तिथेच गेले. वीसच्या वर मुलं. तमिळनाडूत बनलेल्या 'कोल्ड्रिफ' या सिरपच्या नमुन्यात डीईजी निघालं ४८.६ टक्के. मर्यादा आहे ०.१ टक्का. याला भेसळ म्हणायलाही जीभ वळत नाही. जवळजवळ अर्धी बाटली तीच होती.

दादाला मी विचारलं, "हे तपासायला फार महागडं मशीन लागतं का?" तो म्हणाला, नेमकं प्रमाण काढायचं तर गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. पण गडबड आहे का एवढंच बघायचं तर सिलिकाचा लेप दिलेली एक पट्टी पुरते. पट्टीवर आलेल्या मालाचा थेंब, शेजारी शुद्ध ग्लिसरीनचा, शेजारी डीईजीचा. पट्टी द्रावणात उभी करायची. दोघं वेगवेगळ्या उंचीपर्यंत चढतात, मग डागांवरून कळतं. "पण त्यासाठी ड्रम उघडावा लागतो," तो म्हणाला, "आणि प्रत्येक ड्रम. दहातला एक नाही."

मग त्याने सांगितलेली गोष्ट माझ्या डोक्यात बसली आहे. त्यांच्या प्रयोगशाळेत डीईजीची एक बाटली आहे, तुलनेसाठी. वेगळ्या कपाटात, वर मोठ्या अक्षरात नाव, धोक्याची खूण, उघडल्याची तारीख, कुणी किती घेतलं त्याची नोंद. आठ वर्षांत त्या बाटलीने कुणाला साधी शिंकसुद्धा दिलेली नाही. म्हणजे हे विष जिथे स्वतःच्या नावाने राहतं तिथे ते निरुपद्रवी असतं. ते मारतं तेव्हा अंगावर दुसऱ्याचं नाव असतं. २००६ मध्ये पनामात लोक गेले तेव्हाही हेच झालं होतं. चीनमधून 'टीडी ग्लिसरीन' नावाने निघालेले पिंप स्पेनमार्गे तिथे पोचले. 'टीडी' म्हणजे चिनी भाषेत 'पर्यायी'. वाटेत ती दोन अक्षरं गळाली आणि नुसतं 'ग्लिसरीन' उरलं.

आमच्या धंद्यात नवीन पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात की बाहेरून आलेला डेटा तपासल्याशिवाय आत घेऊ नकोस, मग तो कितीही ओळखीच्या सर्व्हरवरून येवो. आम्ही ते विसरलो तर वेबसाइट पडते, रात्री बाराला फोन येतो, मॅनेजर ओरडतो. बस. १९३७ पासून या लोकांनी तीच एक पायरी गाळली आणि त्याचा बग रिपोर्ट दर वेळी दवाखान्यातून आला.

असो. आपल्या हातात काय आहे? थोडंच आहे. घरी ही तपासणी होत नाही, चव घेऊन तर अजिबातच नाही. पाच वर्षांच्या आतल्या मुलांना खोकल्याचं औषध सहसा देऊ नये, दोनच्या आत तर नाहीच, असं केंद्राने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलंय, ते पाळता येतं. बॅच नंबर वाचता येईल अशी बाटली ठेवता येते. औषधानंतर मुलाला उलट्या झाल्या, लघवी कमी झाली तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना.

निघताना दादाने ती लाल बाटली पुन्हा हातात घेतली, उजेडात फिरवली. कंपनीचं नाव अर्धं, बॅच नंबर गायब. तो आईला म्हणाला, "आत्या, यात बहुतेक काहीच वाईट नसेल. पण ही कोण आहे तेच आता सांगता येत नाही."

आईने काही न बोलता बाटली त्याच्या हातातून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. भाच्याचा खोकला चौथ्या दिवशी आपोआप गेला.