कौडेनबर्ग राजवाडा व उद्यान

बेल्जियमच्या राजधानीतील, ब्रसेल्समधील, ब्राबांटच्या ड्यूकांचा भग्न राजवाडा व त्यालगतचे उद्यान. ‘कौडेनबर्ग’ म्हणजे थंड टेकडी. या टेकडीवरील जुन्या गढीचा पुढे राजवाडा झाला.

१४३० मध्ये ब्राबांटची गादी बर्गंडीचा ड्यूक ‘सज्जन’ फिलिप याच्याकडे आली. ड्यूकाचा मुक्काम आपल्याच शहरात राहावा म्हणून नगराने स्वखर्चाने ‘आउला माग्ना’ हा प्रचंड दरबारमहाल बांधून दिला (१४५२–६०). याच महालात २५ ऑक्टोबर १५५५ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सने नेदरलँड्सचे राज्य मुलगा फिलिप याच्या हाती सोपवले. संधिवाताने जर्जर झालेला सम्राट त्या वेळी ऑरेंजच्या तरुण विल्यमच्या खांद्यावर हात टेकून आला होता. पुढे याच विल्यमने फिलिपविरुद्धच्या बंडाचे नेतृत्व केले.

वाड्यामागे ‘वारांडे’ हे शिकारीचे राखीव रान आणि बागा होत्या. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्युरर याने १५२० मध्ये त्यांचे रेखाचित्र काढले.

३ फेब्रुवारी १७३१ च्या रात्री लागलेल्या आगीत राजवाडा भस्मसात झाला. पुनर्बांधणीला पैसा नव्हता. त्यामुळे चाळीसहून अधिक वर्षे जळक्या भिंती शहराच्या माथ्यावर तशाच उभ्या होत्या. १७७० च्या दशकात त्या पाडून जमीन सपाट करण्यात आली व तिच्यावर आजचा राजचौक उभारला गेला. टेकडीच्या उतारावरील खालचे मजले मात्र भरावाखाली शाबूत राहिले.

त्याच सुमारास बार्नाबे गिमार व योआखिम झिन्नर यांनी जुन्या रानाच्या जागी सरळ वीथींचे भौमितिक ‘ब्रसेल्स उद्यान’ आखले. सपाटीकरणातून वाचलेले त्यातील खोलगट भाग मूळच्या दरीची आठवण देतात. सप्टेंबर १८३० च्या क्रांतीत डच सैन्याने या उद्यानातच ठाण मांडले होते. चार दिवसांच्या लढाईनंतर २६ च्या रात्री ते माघारी गेले आणि बेल्जियमच्या स्वातंत्र्याचा मार्ग मोकळा झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननांत आउला माग्नाखालची स्वयंपाकघरे व तळघरे उजेडात आली. वाड्याच्या कुशीतून जाणारा फरसबंद इझाबेला रस्ताही आता छताखाली आहे. आगीने वाडा नेला, पण त्याला पुरून टाकणाऱ्या भरावानेच त्याचे अवशेष राखले. हे अवशेष आज लोकांसाठी खुले आहेत.