फुकट, मोफत की हक्काचे? शाळेतल्या जेवणाच्या नावाची गोष्ट

आपल्या मराठी भाषेत पैसे न मोजता मिळणाऱ्या वस्तूसाठी तीन शब्द आहेत. फुकट, मोफत आणि विनामूल्य. अर्थ म्हटला तर एकच, पण तिन्हींचा वास वेगळा. ‘विनामूल्य’ हा निमंत्रणपत्रिकेतला शब्द, ‘मोफत’ हा सरकारी फलकावरचा आणि ‘फुकट’ हा घराघरातला. ‘फुकट गेले’ म्हणजे वाया गेले, ‘फुकट्या’ ही तर सरळ शिवीच. शाळेत सरकारी खर्चाने मुलांना जेवण मिळते, त्याला यांपैकी कोणता शब्द लावावा?

हा प्रश्न सुचण्याचे कारण म्हणजे तोआ पायोहमधला आमचा रविवारचा कट्टा. आमच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये चारपाच मराठी मंडळी जमतात. मध्यंतरी विषय निघाला भारतातल्या माध्यान्ह भोजनाचा. एक मित्र म्हणाले, “जगात फुकट काही नसते. कोणीतरी कर भरतो म्हणून ते जेवण शिजते. मग मुलांना ‘मोफत’ असे खोटे का सांगायचे?” दुसरे म्हणाले, “आठ वर्षांच्या पोराला ताटावर बसल्यावर कराचा हिशेब सांगणार का?” दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि म्हणूनच थोडा इतिहास चाळावासा वाटला.

पहिल्या मित्रांच्या म्हणण्याला मोठा आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७५ साली आपल्या एका पुस्तकाला ‘फुकटचे जेवण असे काही नसतेच’ अशा अर्थाचे नाव दिले. म्हण त्याहून जुनी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले दारूचे गुत्ते ‘जेवण फुकट’ अशी पाटी लावत. पदार्थ खारट असत, गिऱ्हाईक जास्त दारू पिई आणि जेवणाची किंमत त्यातून वसूल होई. पण शाळेतले जेवण आणि गुत्त्यातले जेवण यांत एक फरक आहे. गुत्त्यात खर्च लपवलेला असे. शाळेचा खर्च अर्थसंकल्पात छापलेला असतो.

आपल्याकडे विद्यार्थ्याच्या जेवणाची सोय जुनीच. गरीब विद्यार्थी माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्यात माया होती, तशीच मिंधेपणाची बोचही. शिवाय ही सोय बहुतेक एकाच जातीपुरती. १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला बालाश्रम काढला आणि उपाशी मुलांना जेऊ घातले. त्याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात वेगळाच मुद्दा मांडला. सरकारी तिजोरी रयतेच्या कष्टातून भरते आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग घेतात, असे त्यांनी दाखवून दिले. खर्च कोणाचा आणि लाभ कोणाचा, हा प्रश्न आपल्या कट्ट्यावर पोचायच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी त्यांनी विचारला होता.

पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सर्व जातींची मुले एका पंगतीत बसत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. गावोगावच्या बाया मुष्टिफंडासाठी मूठ मूठ धान्य बाजूला काढत. त्या मुलांनी पैसे दिले नाहीत हे खरे, पण ते अन्न ‘फुकटचे’ होते असे म्हणायला कोणाची जीभ रेटेल का?

सरकारी पैशाने जेवण देताना तर हा वाद नेहमीच उठला. मद्रास महापालिकेने १९२० साली थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत जेवण सुरू केले, मुलामागे खर्च एक आण्याच्या आत. शिक्षणनिधीतून असा खर्च करायला सरकारने हरकत घेतली आणि १९२५ साली ते बंद पडले. १९५६ मध्ये कामराजांनी तमिळ मुलुखात ही कल्पना पुन्हा उभी केली.

त्याआधी इंग्लंडात १९०६ साली शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. त्यात स्थानिक संस्थांना पौंडामागे अर्धा पेनी कर बसवायची मुभा होती. पण त्याहून महत्त्वाचे एक कलम होते. त्या काळी गरिबांसाठीची सरकारी मदत घेणाऱ्याचा मताधिकार जात असे. या कायद्याने स्पष्ट केले, की मुलाच्या जेवणाचे पैसे देता आले नाहीत म्हणून बापाचे मत जाणार नाही. म्हणजे शाळेतले जेवण ही भीक नव्हे, असे कायद्यानेच लिहून ठेवले. शब्दांना किंमत असते ती अशी!

आपल्या सिंगापूरचा अनुभवही बोलका आहे. युद्धानंतरच्या टंचाईत, १९४६ साली, येथे समाजकल्याण खाते स्थापन झाले आणि त्याने ‘पीपल्स रेस्टॉरंट’ काढली. तेथे जेवण ३५ सेंटला मिळे, पुढे गरिबांसाठी ८ सेंटचे जेवणही आले. सर्वांत लहान मुलांसाठी मात्र १९४७ पासून पैसे न घेणारी भोजनकेंद्रे होती. तेथे राबणाऱ्या स्वयंसेविकांपैकी कॉन्स्टन्स गोह यांनी पुढे १९४९ च्या कुटुंबनियोजन संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. आजही येथे गरजू विद्यार्थ्यांना शिक्षण खात्याच्या योजनेतून जेवण मिळते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घरून भरत होत्या, तेव्हा ही रक्कम मुलांच्या कार्डावर जमा झाली. कार्ड सगळ्यांसारखेच, त्यामुळे कोणाचे जेवण कोणाच्या पैशाचे हे शेजारच्या मुलाला दिसत नाही. आणि कर कोण भरतो म्हणाल, तर आमच्या कॉफीशॉपमध्ये ताटे उचलणारी वृद्ध आजीसुद्धा! दुकानातून साबणाची वडी घेतली की १९९४ साली ३ टक्क्यांनी सुरू झालेला आणि २०२४ पासून ९ टक्के झालेला जीएसटी तीही देते.

आता महाराष्ट्राकडे वळतो. १९७२ चा दुष्काळ माझ्या पिढीने पोटाने अनुभवला. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. माझी आई त्यांतली एक. ती दिवसभर खडी फोडायची आणि तेथे मिळालेली सुकडी पदराला बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. तो गोड कोरडा चुरा आम्ही तळहातावर घेऊन चाटून खात असू. एकदा एका पाहुण्यांनी हसत विचारले, “काय रे, फुकटची सुकडी गोड लागते ना?” आईने मान वर न करता हाताचे घट्टे दाखवले. ती काही बोलली नाही.

१५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राची योजना आली, पण बहुतेक ठिकाणी शिजवलेले अन्न नव्हे तर महिन्याला ३ किलो धान्य मिळे. गोदामे भरलेली आणि माणसे उपाशी, अशा स्थितीत २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला: किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण, वर्षातून किमान २०० दिवस. २००४ साली केंद्राने करांवर २ टक्के शिक्षण उपकर बसवला. त्यातला पैसा या जेवणासाठीही होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तर ‘मोफत’ हा शब्दच आहे. महाराष्ट्रात या योजनेचे रुळलेले नाव मात्र मला फार आवडते: ‘शालेय पोषण आहार’. त्यात ना मोफत, ना फुकट. जेवण कशासाठी, एवढेच सांगितले आहे.

मग ‘मोफत’ शब्द टाकून द्यावा का? मला तसे वाटत नाही. पालकाला नि:शंकपणे कळले पाहिजे, की येथे कोणी पैसे मागू शकत नाही. कायद्यातला ‘मोफत’ हा मुलाला दिलेला शब्द आहे. तो खर्चाविषयी काही सांगत नाही.

धोका वेगळाच आहे. आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माची गाय, दात का नाय?’ एकदा का जेवण धर्माची गाय ठरले, की डाळ पाणीदार का, तांदळात किडे का, हे विचारायला पालक कचरतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या गंडामन गावात शाळेतल्या जेवणात कीटकनाशक जाऊन २३ मुले दगावली. शाळेतल्या अन्नाचे दात मोजलेच पाहिजेत, रोज मोजले पाहिजेत. २०१५ च्या नियमांत जेवण आधी चाखून पाहण्याची तरतूद आहे, आणि जेवण मिळाले नाही तर मुलाला अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. दान चुकले तर भरपाई मागता येत नाही, हक्क चुकला तर येते. आणि ‘फुकट’ म्हणताना आपण आणखी एकीला विसरतो. चुलीपुढे उभी राहणारी बाई. २००९ साली केंद्राने तिचे मानधन महिना १००० रुपये ठरवले, तेही वर्षातले दहाच महिने. त्या जेवणाची मोठी किंमत तीच मोजते.

तेव्हा मंडळी, माझे मत असे. पालकांच्या सूचनाफलकावर खुशाल ‘मोफत’ लिहावे. अर्थसंकल्पात आणि वर्तमानपत्रात ‘सार्वजनिक खर्चाने’ म्हणावे आणि पैशापैशाचा हिशेब मागावा. ‘फुकट’ हा शब्द मात्र या पंगतीत वाढूच नये. आणि ताटावर बसलेल्या मुलासमोर यातला एकही शब्द नको. त्याला एवढेच म्हणावे, “बाळा, पोटभर जेव. आणखी वाढू का?”