मडके, मुसके आणि मास्क

एप्रिल २०२०. नाशिक रोडच्या एका वस्तीत आम्ही पाच-सहा कार्यकर्ते मास्क वाटत होतो. वस्तीतल्याच बायांनी जुन्या सुती साड्या कापून घरच्या मशीनवर ते शिवले होते. विहाराच्या पायरीवर एक आजी बसल्या होत्या. त्यांनी मास्क हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. म्हणाल्या, "आमच्या वाडवडलांच्या गळ्यात मडकं होतं. आता आमच्या तोंडाला मुसकं बांधता व्हय?" आम्ही गप्प. मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला, "माझा पोरगा घंटागाडीवर आहे. त्याला दिला का कुणी?"

मुसके म्हणजे मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ती जाळी. ज्याच्या पायाखाली धान्य मोकळे होते, त्याने त्यातला घास घेऊ नये म्हणून. मी म्हणालो, "आजी, सरकारचा नियम आहे." ते उत्तर नव्हते, हे मला तेव्हाही कळत होते. आजींनी दोन प्रश्न विचारले होते. मास्क म्हणजे मडके आहे का? आणि मास्क कुणाला मिळाला? साथ ओसरली, २ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्रात मास्कची सक्तीही उठली. आपण सगळेच विसरलो. पण हे प्रश्न अजून उत्तराविना आहेत आणि पुढची साथ येईल तेव्हा ते पुन्हा उभे राहणार आहेत.

पहिला प्रश्न आधी घेऊ. पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याने कमरेला झाडू बांधावा, गळ्यात मडके अडकवावे, असा दंडक होता. झाडू कशाला? त्याची पावले पुसली जावीत म्हणून. मडके कशाला? त्याची थुंकी जमिनीवर पडून, तिच्यावर चुकून पाय देणाऱ्या सवर्णाला विटाळ होऊ नये म्हणून. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने रद्द केलेले आणि बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापलेले ते भाषण ज्यांनी वाचले आहे, त्यांना हे सांगायला नको.

आता या मडक्याकडे आरोग्याच्या नजरेने पाहा. थुंकी सगळ्यांच्या तोंडात असते, मडके एकाच्याच गळ्यात होते. क्षयरोग ब्राह्मणालाही होत होता, पण त्याच्या गळ्यात काही नव्हते. म्हणजे मडक्याचा रोगाशी काडीचा संबंध नव्हता. धोका कल्पनेतला होता, अपमान मात्र खरा होता. शिवाय दुबळ्याने बलवानाला जपायचे होते, बलवानाने दुबळ्याला नव्हे.

मास्कचे तत्त्व नेमके उलटे आहे. कलेक्टर असो की कचरा उचलणारा, श्वास दोघांचाही सारखाच. आजार अंगात आहे की नाही, हे लक्षणे दिसण्याआधी कुणालाच कळत नाही. म्हणून सगळ्यांनी तोंड झाकायचे, आपल्यापासून दुसऱ्याला जपायचे. आपल्या नाशिकमध्ये स्थानकवासी जैन साधू-साध्वी तोंडावर मुहपत्ती बांधून फिरतात. ते कापड त्यांना अपमानाचे वाटत नाही, कारण ते त्यांनी स्वतःच्या तत्त्वाने स्वीकारलेले आहे. म्हणजे कापड वाईट नसते. ते कुणी, कुणावर आणि कुणासाठी बांधले, यावर सगळे ठरते.

तत्त्व झाले. पण आपण फक्त तत्त्वावर भुलणारे लोक नाही. इतिहासात ते कसे उतरले, हे तपासायला हवे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. तेव्हा मास्क नव्हता, पण साथीचे नियम कुणी पाळायचे आणि कुणी मोडायचे, हा प्रश्न तोच होता. रुग्णाला घरातून ओढून नेणाऱ्या सरकारवर गरिबाचा विश्वास नव्हता. त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. सरकार नरमले, आणि त्यामागचे एक मोठे कारण आपण लक्षात ठेवावे असे आहे: मैला उचलणारे हलालखोर शहर सोडून गेले तर मुंबईत राहणेच अशक्य होईल, ही धास्ती. ज्यांचा स्पर्श नको होता, त्यांच्यावाचून शहर चार दिवस जगू शकत नाही, हे प्लेगने सरकारी कागदावर लिहून घेतले.

१८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा आला. पुण्यात रँडच्या सोजिरांनी घरे तपासली, लोकांचे हाल केले. तो जुलूम होता, यात वाद नाही. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि शालेय इतिहासात तेवढेच राहिले. याच काळात मुंबई-पुण्यात जातीधर्मागणिक वेगळी प्लेग रुग्णालये निघाली. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल उभे राहिले. आणि याच पुण्याच्या वेशीवर, हडपसरच्या बाजूला, डॉ. यशवंतच्या दवाखान्यात सावित्रीमाई जात न विचारता रुग्ण आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा त्यांनी पाठीवर घालून आणला. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीपुढे वागण्याच्या तीन तऱ्हा त्या एका वर्षात एका शहरात दिसतात: सरकारची सक्ती, सवर्णांचा सोवळेपणा आणि माईंची करुणा. आपला वारसा कोणता, हे सांगायला हवे का?

मास्कची कथा पुढे मंचुरियात घडली. १९१०-११ च्या हिवाळ्यात तिथे फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मारली. पेनांगमध्ये जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला तरुण चिनी डॉक्टर वू लिएन-तेह याने सांगितले की हा प्लेग उंदरा-पिसवांची वाट पाहत नाही, तो माणसाच्या श्वासातून पसरतो. तेव्हा कापूस आणि जाळीदार कापडाचा मास्क लावा. मेस्नी नावाच्या ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरला हे पटले नाही. एक चिनी आपल्याला शिकवणार, हेच त्याला सहन झाले नाही. तो मास्क न लावता रुग्ण तपासायला गेला आणि काही दिवसांतच प्लेगने मेला. वर्णाचा अहंकार माणसाचे डोळे कसे बांधतो, याचे याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

१९१८ साली इन्फ्लुएन्झा आला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली, आणि १९१९ च्या जानेवारीत तिथे मास्कविरोधी संघटनाही निघाली. मास्क म्हणजे स्वातंत्र्यावर घाला, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे त्या साली काय चालले होते? मुंबईतल्या मृत्यूंचे त्या काळचे अधिकृत आकडे पाहा. हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, मुसलमानांत १९.२, 'इतर हिंदूं'त १८.९ आणि 'खालच्या जातीच्या हिंदूं'त ६१.६. विषाणू जात पाहत नाही म्हणतात. खरे आहे. पण खोलीत किती माणसे झोपतात, खिडकी आहे की नाही, पोटात अन्न आहे की नाही, हे आपल्या देशात जातच ठरवते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले. शहर नुकतेच प्रेते मोजून उठले होते. श्वासातून मृत्यू पसरत होता. आणि काही सहकारी प्राध्यापकांचा आक्षेप कशाला होता? प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी बाबासाहेबांनी पिण्याला! शिकल्यासवरल्या माणसांची ही गत. सोवळे आणि स्वच्छता यांत किती अंतर आहे, हे त्या पाण्याच्या भांड्यापाशी कळते.

आता आपल्या नाशिककडे या. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करणारे हे शहर. १९३५ ची घोषणा जिथे झाली ते येवला याच जिल्ह्यातले, आणि मालेगावही याच जिल्ह्यातले. एप्रिल २०२० मध्ये मालेगावात कोरोना फैलावला, तेव्हा यंत्रमागावर पोट असलेल्या, दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या या शहराबद्दल काय काय बोलले गेले ते आठवा. 'ते लोक मास्क लावत नाहीत, ते लोक ऐकत नाहीत.' तबलिगींच्या नावाने देशभर अख्खा समाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला गेला. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे निरीक्षण नोंदवले. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

दुसरीकडे पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्य सरकार 'मी जबाबदार' म्हणत होते. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, राज ठाकरे यांनी आपण मास्क लावतच नाही असे माध्यमांना सांगितले. मार्चच्या सुरुवातीला ते नाशिकला आले, तेव्हा स्वागताला आलेल्या माजी महापौरांनी मास्क लावला होता. तो काढा, अशी खूण त्यांनी केली. बातम्यांत ती गंमत झाली, 'ठाकरी शैली' झाली. एप्रिलमध्ये संभाजी भिडे यांनी तर कोरोना हा रोगच नाही, आणि त्याने मरणारी माणसे जगायच्या लायकीची नाहीत, अशी भाषा केली. यंत्रमाग कामगाराचे उघडे तोंड गुन्हा, आणि नेत्याचे उघडे तोंड मर्दुमकी. नियम एक, पण तराजू दोन. मनुस्मृती याहून वेगळी काय होती?

त्याच मार्चच्या अखेरीला नाशिकच्या बाजारपेठांत शिरायला तासाला ५ रुपयांची पावती लागू झाली. तासापेक्षा जास्त थांबल्यास ५०० रुपये दंड. हेतू गर्दी कमी करण्याचा असेल. पण भाजीच्या जुडीसाठी घासाघीस करणाऱ्या बाईला ५ रुपये काय असतात, हे पावती फाडणाऱ्याने विचारले नाही. २१ एप्रिलला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीची गळती झाली आणि किमान २२ रुग्ण गेले. 'मी जबाबदार' हे वाक्य जनतेने घोकायचे होते. यंत्रणेने ते कधी म्हणायचे?

इथे आपल्याच घरातही डोकावू. २०२० ची भीमजयंती आपण घराघरात साजरी केली. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्याची ओढ आवरून लाखो माणसे घरी थांबली. त्याचे कौतुक कुठल्या वाहिनीने केले नाही, ते आपणच करू. पण ३१ ऑगस्ट २०२० रोजी पंढरपुरात विठ्ठल मंदिर उघडण्यासाठी बाळासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, हजारो जमले. वारकऱ्यांची बाजू घेणे चूक नव्हते. पण साथ भरात असताना हजारोंची गर्दी करणे योग्य होते का, हा प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही. दुसऱ्यांची गर्दी मोजताना आपली सोडून द्यायची, हेही दोन तराजूच झाले.

मग काय करायला हवे होते? शेजारच्या बांगलादेशात नोव्हेंबर २०२० पासून ६०० गावांत, ३ लाख ४० हजारांहून अधिक प्रौढांचा अभ्यास झाला. निवडलेल्या गावांत मास्क फुकट आणि घरपोच दिले, कारण समजावले, रस्त्यात प्रेमाने आठवण केली आणि गावचे पुढारी, इमाम यांनी स्वतः लावून दाखवले. मास्क नीट लावणारे शंभरात १३ होते, ते ४२ झाले. सर्जिकल मास्क वाटलेल्या गावांत लक्षणांसह होणारी लागण सुमारे ११ टक्क्यांनी घटली, साठीपुढच्यांत सुमारे ३५ टक्क्यांनी. मास्क जादू नाही, पण थोतांडही नाही. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की माणसे दंडाने बदलत नाहीत. कापड हातात द्या, कारण सांगा आणि आधी स्वतःच्या तोंडाला लावा, मग ती ऐकतात.

आता आजींचा दुसरा प्रश्न. त्यांच्या मुलाला ठेकेदाराने महिनाभर एकच मास्क दिला होता. अनेक घरांचा ओला-सुका कचरा, त्यातच रुग्णांच्या घरातले वापरून फेकलेले मास्क. म्हणजे शहराने स्वतःचा श्वास गाळून घेतला आणि गाळलेले ते कापड त्याच्या उघड्या हातात टाकले. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास बंदी आहे. सफाई कामगाराला संरक्षक साधने द्या, असे नियम सांगतात. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. कागद भरपूर आहेत, हातमोजे कुठे आहेत? मास्कची सक्ती करणाऱ्या सरकारने सगळ्यांत आधी कुणाला मास्क दिला, यावरच ती सक्ती समतेची होती की सोवळ्याची, हे ठरते. या कसोटीवर आपली व्यवस्था नापास झाली.

म्हणून तरुण मित्रांनो, पुढच्या साथीत दोन चुका करू नका. 'नियम मोडणे म्हणजे बंड' या भूलथापेला बळी पडू नका. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी मोडला तो विषमतेचा नियम होता. शेजाऱ्याला आजार देण्याचे स्वातंत्र्य त्यांनी कधी मागितले नव्हते. आणि 'नियम आहे' एवढ्यावर मान डोलावू नका. तो सगळ्यांना सारखा आहे का, त्याला पुरावा आहे का आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारा. तिन्ही उत्तरे नीट मिळाली तर तो मास्क. एकही चुकले तर समजा, मडके परत येत आहे.

आजी, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर हे. मास्क मडके नाही. पण तुमच्या लेकाला तो न देता इतरांवर लादला, तेव्हा मडक्याचा वास त्याला आला, हे तुम्ही आमच्या आधी ओळखलेत. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर महापालिकेकडून वसूल करायचे आहे. ते काम आमचे.

जय भीम!