कुळीथ : नाव आणि गोत्र

कोकणात व गोमंतकात कुळीथ, देशावर हुलगा, आणि बेळगावाकडील कन्नड शेजाऱ्यांच्या घरी हुरळी, अशा निरनिराळ्या नावांनी वावरणारे कडधान्य एकच आहे, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी त्याची जी नोंद झाली, तिचा इतिहास पाहिला म्हणजे एखाद्या जुन्या मिळकतीचा फेरफार भलत्याच वारसाच्या नावे व्हावा आणि दोनशे वर्षे कोणी हरकत घेऊ नये, तसा प्रकार दिसतो.

इ. स. १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियसने 'डोलिकॉस बायफ्लोरस', म्हणजे 'दोन फुलांचा', हे नाव प्रसिद्ध केले. पुढील ग्रंथकारांनी ते कुळथाला लावले आणि पाठ्यपुस्तकांतून तेच रूढ झाले. फ्रान्सच्या लामार्कने १७८६ मध्ये कुळथाला 'युनिफ्लोरस', म्हणजे 'एकफुली', असे स्वतंत्र विशेषण दिले होते; पण नंतरचा दस्तऐवज म्हणून ते मागे पडले. वास्तविक लिनियसच्या नावामागचा मूळ पुरावा जेव्हा बारकाईने तपासला गेला, तेव्हा तो कुळथाचा नसून चवळीचा असल्याचे निष्पन्न झाले! दस्तऐवज आधीचा खरा. पण मिळकत दुसरीच. अखेर १९७० मध्ये लंडनजवळच्या क्यू उद्यानातील बर्नार्ड व्हर्डकोर्ट यांनी कुळथाला 'मॅक्रोटायलोमा' या प्रजातीत बसविले, आणि लामार्कचे एकफुली विशेषण त्याला परत मिळाले.

गंमत अशी की, निकाल लागला तरी कब्जा सुटला नाही. १९५१ मध्ये जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी आपल्याकडील 'करंट सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले की, कुळथाच्या दाण्यांच्या अर्काने माणसाच्या रक्तातील काही तांबड्या पेशी गोठून एकत्र येतात. 'ए' रक्तगटातील दोन उपगट ओळखण्यास तो अर्क आजही उपयोगी पडतो, आणि त्याच्या बाटलीवर अद्याप 'डोलिकॉस बायफ्लोरस' असेच लिहिलेले असते.

या नव्या घरात कुळथाचे भाऊबंद कोण? सुमारे पंचवीस जाती, आणि त्यांपैकी बहुतेक आफ्रिकेतल्या. पश्चिम आफ्रिकेत एक जात भुईमुगाप्रमाणे शेंगा मातीखाली धरते व तेथील लोक ती पिकवून खातात. दुसरी एक गुरांच्या चाऱ्यासाठी लावतात. कुळथाचे रानटी रोप आफ्रिकेतही सापडते. परंतु त्याला शेतात आणून अन्न म्हणून सांभाळले ते भारतीय शेतकऱ्याने. उलट चवळी, म्हणजे आमचे अळसांदे, मूळची आफ्रिकेची असून शास्त्राच्या मते मूग, उडीद व मटकी यांच्या गोत्रात मोडते. वाल हाही एके काळी 'डोलिकॉस' कुटुंबातच नांदत होता; तोही विभक्त झाला.

नावाचा दुसरा घोटाळा मला अधिक बोचतो. इंग्रजांनी या धान्याला 'हॉर्स ग्रॅम', म्हणजे घोड्याचा हरभरा, म्हटले. घोड्यांना कुळीथ चारीत, हे कोणी नाकारीत नाही. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणी घोड्याच्या खुराकात मुगाउडदांचे शिजवलेले अन्न सांगितले आहे. म्हणून मुगाला कोणी तबेल्याचे धान्य म्हटले नाही. त्याच ग्रंथात कुळीथ येतो तो मसूर, जव, गहू यांच्या पंक्तीस, उशिरा पेरावयाच्या पिकांत. असे असता शहरातील सुशिक्षित गृहस्थ पाहुण्यांच्या ताटात कुळथाची पिठी वाढावयास संकोचतो, त्यात या परकीय नावाचा वाटा मुळीच नसेल, असे मला वाटत नाही.

मनुष्याच्या अन्नात त्याचे स्थान किती जुने, याची साक्ष प्रथम मातीच देते. बल्लारीकडील संगनकल्लू व तेक्कलकोट येथील नवाश्मयुगीन वसाहतींत कुळथाचे जळालेले दाणे सापडले आहेत. पुणे जिल्ह्यात इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात, इ. स. पूर्व १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांच्या धान्यांतही कुळीथ आहे. (हे गाव घोड नदीकाठी वसलेले आहे, पण त्या नावावरून इंग्रजांस पाठिंबा मिळत नाही!)

ग्रंथांची साक्षही तशीच. बृहदारण्यकोपनिषदात मंथकर्मासाठी दहा ग्राम्य धान्ये सांगितली आहेत. ती दळून दही, मध व तूप यांत भिजवावयाची आणि तुपाची आहुती द्यावयाची. त्या दहांतील शेवटचे 'खलकुल', आणि शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात त्याचा अर्थ कुळीथ असाच केला आहे. म्हणजे जे धान्य भात, जव, तीळ यांच्याबरोबर या कर्मात घेण्यास योग्य ठरले, ते हलके कसे?

पाणिनीने तर कुळथासाठी आपल्या व्याकरणात खास जागा राखली आहे. ज्या पदार्थाने अन्नाला संस्कार होतो, त्याच्या नावावरून अन्नाचे नाव कसे बनवावे, हे सांगताना त्याने कुळथाचा नामनिर्देश करून वेगळा प्रत्यय दिला. त्यावरून कुळीथ घालून केलेले अन्न ते 'कौलत्थ'. त्याच सूत्रावर काशिकावृत्तीने दिलेले पुढचे उदाहरण चिंचेचे आहे. कुळथाच्या साराला आमच्याकडे बहुधा आमसुले लावतात, एवढाच काय तो फरक.