बोटीच्या आदल्या रात्री

कोकणच्या बोटींचा इतिहास निघाला की कंपन्यांची नावं निघतात, बोटींची नावं निघतात, बुडालेल्या बोटींच्या तारखा निघतात. मला हा इतिहास नेहमी एक रात्र उशिरा सुरू झाल्यासारखा वाटतो. आमच्या माणसांचा प्रवास आदल्या संध्याकाळी धक्क्यावर वळकटी टाकली की सुरू होई. त्या रात्रीची सोय कोणत्याही कंपनीच्या तिकिटात नव्हती. ती प्रवाशांनी आपली आपण लावली, आणि पिढ्यान् पिढ्या चालवली.

मुंबईत ही रात्र भाऊच्या धक्क्यावर जायची. 1841 च्या सुमारास लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी प्रवाशांना चढता-उतरता यावं म्हणून धक्का बांधला. पुढे 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला, गोद्या झाल्या, किनारा भरावाने पुढे सरकला. मूळचा धक्का राहिला नाही. भाऊंचं नाव मात्र नव्या धक्क्याला चिकटलं ते आजपर्यंत. माझे वडील लालबागला गिरणीत होते. मे महिन्यात आईबरोबर आम्ही भावंडं देवगडला निघायचो. बोट सकाळी दहाच्या सुमारास सुटायची, पण आम्ही चाळीतून निघायचो आदल्या दिवशी, दिवेलागणीला.

इतक्या लवकर का, याचं उत्तर डेकच्या तिकिटात आहे. डेकच्या तिकिटावर जागेचा नंबर नसे. ज्याची चादर आधी पसरली, त्याची जागा. इंजिनची धग आणि संडासाचा वास टाळून, वारा लागेल पण पाणी उडणार नाही असा कोपरा हवा असेल, तर फाटक उघडताच आत घुसायला हवं. त्यासाठी गावातले दोन-चार तरुण फाटकाला टेकूनच झोपत. बाकीचे मागे फरसबंदीवर पसरत. ट्रंका, करंड्या, पत्र्याचे डबे बाहेरच्या बाजूने लावायचे. आत बायका, पोरं, म्हातारी माणसं. पुरुष आळीपाळीने जागे राहत. आई माझ्या धाकट्या भावाचा पाय पातळाच्या काठाने ट्रंकेच्या कडीला बांधून ठेवी, म्हणजे झोपेत उठून तो पाण्याकडे जाणार नाही. परळचा, गिरगावचा, माझगावचा, जो तो आपल्या गावाची माणसं शोधत यायचा. "वायच सर गो, पोराक निजूक जागा दी," एवढं म्हटलं की जागा व्हायची. कुणाचा मुलगा कुठल्या खात्यात लागला, कुणाच्या जमिनीचा वाद कुठवर आला, कुणाच्या मुलीसाठी कुठलं स्थळ आहे, हे सगळं त्या फरसबंदीवर ठरायचं. वर्षभर मुंबईत वेगवेगळ्या चाळींत विखुरलेलं गाव बोटीत चढण्याआधीच पुन्हा गाव झालेलं असे.

परतीची रात्र कोकणातल्या बंदरावर जायची, आणि ती जास्त कठीण. तिथे वेळ घड्याळाची नव्हती, पाण्याची होती. खाड्यांनी तोडलेल्या त्या मुलखात बंदरापर्यंतचा सोपा रस्ता म्हणजे खाडीच. चिपळूणकडची माणसं गोवळकोटहून दाभोळला उतरत, राजापूरकडची जैतापूरला. होड्या, मचवे ओहोटी धरून सुटत. ओहोटी मध्यरात्री असली तर मध्यरात्री. बंदर येई ते भलत्याच वेळी. मग धर्मशाळेत, देवळाच्या पडवीत, नाहीतर नुसत्या पुळणीवर बोटीची वाट पाहायची. बोट किनाऱ्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी, भोंगा देई, आणि पडावातून माणसं, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या, काजूची पोती तिच्या बाजूला नेली जात. लाटेवर पडाव वर आला की खलाशी हात धरून माणसाला वर ओढत. म्हाताऱ्यांसाठी तो क्षण जिवावरचा असे. मेअखेर बोटी बंद व्हायच्या आत सगळ्यांना मुंबई गाठायची असे. बोट आधीच खच्चून भरून आली तर बंदर न घेताच पुढे जाई. तिचे दिवे दूर जाताना दिसत आणि सगळं बिऱ्हाड पुन्हा धर्मशाळेकडे वळे. भाकऱ्या एका रात्रीच्या हिशोबाने बांधलेल्या असत. मग ज्यांचं घर जवळ त्यांच्याकडून पेज यायची. पेज आणणाऱ्या बाईचं नाव पुष्कळदा कुणालाच माहीत नसे.

आजोबांच्या तोंडी आगबोट म्हणजे शेपर्डची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेपर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर नियमित झाल्या आणि फत्तेमारीतून वाऱ्याच्या मर्जीने होणारा प्रवास मागे पडला. गिरण्यांना कामगार मिळाले ते या बोटींमुळे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हीच माणसं उलट दिशेने धावली. 1897 मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि प्रवाशांची अंगं, सामान तपासण्याचा अधिकार सरकारला मिळाला. एरवी गप्पांची असलेली धक्क्यावरची रात्र त्या काळात ताप चढला की काय, या भीतीने काढावी लागली असेल. पुढे विसाव्या शतकात देशी भांडवलावर इंडियन को-ऑपरेटिव्ह कंपनी उभी राहिली. लोकांनी तिला 'माझी आगबोट कंपनी' म्हटलं आणि तिच्या बोटींना संतांची नावं लाभली. भाडं भरणाऱ्याला पहिल्यांदाच ती बोट आपली वाटली.

त्याच बोटींनी सगळ्यात मोठं दुःखही दिलं. 11 नोव्हेंबर 1927 च्या वादळात जयंती आणि तुकाराम या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. 17 जुलै 1947 ला सकाळी आठच्या सुमारास रामदास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. दुसऱ्या दिवशी आषाढातली अमावास्या, घरी जाणाऱ्यांची गर्दी. काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती. पोहून वाचलेल्यांनी सांगितलं तेव्हा मुंबईला कळलं. आमची आजी त्यानंतर धक्क्यावर कधी झोपली नाही. ती रात्रभर बसून राही आणि फाटक उघडलं की समुद्राला नारळ देऊनच पुढे होई. तिला अडाणी म्हणणारी माणसं मी ऐकली आहेत. जिच्या सुरक्षिततेची हमी दुसऱ्या कुणी घेतली नाही, तिने आपल्यापुरती ती अशी घेतली, असं मला वाटतं.

या रात्रीला सगळ्यात नीट घडी घातली ती गोवेकरांनी. गोव्यातून आलेले खलाशी, आचारी, स्टुअर्ड मुंबईत परदेशी बोटीवर काम मिळेपर्यंत थांबत. त्यांचा मुक्काम एका रात्रीचा नसे, महिनोन् महिन्यांचा असे. त्यासाठी गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव, माझगाव भागात आपापले कूड काढले. भिंतीशी ओळीने ट्रंका, मध्ये जमिनीवर झोपायची जागा, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना, आणि परवडेल एवढं भाडं. गाव सोडलेल्या पोराला परमुलखाच्या बोटीत पाऊल टाकण्याआधी शेवटचं घर मिळत असे ते हे. त्यातले काही कूड अजून उभे आहेत.

आमची रात्र मात्र गेली. एसटीच्या रातराण्यांनी गिऱ्हाईक ओढलं, खाड्यांवर पूल झाले. कोकण सेवक आणि कोकण शक्ती या मोगल लाइनच्या बोटी शेवटपर्यंत धावल्या. 1980 चं दशक सरता सरता त्याही थांबल्या. 1998 मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली आणि बंदरांचं उरलंसुरलं महत्त्व स्टेशनांकडे गेलं. 2018 मध्ये 'आंग्रिया' ही क्रूझ मुंबईहून गोव्याला निघू लागली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. तिच्यात खोल्या होत्या, नंबर होते, वाट पाहणाऱ्यांना बसायला जागा होती. प्रवाशाला हे सुख मिळायलाच हवं. आमच्या आयांना ते मिळालं असतं तर त्यांची कंबर वाचली असती.

पण बंदराचा इतिहास लिहिताना बोटीची लांबी आणि कंपनीचा नफा एवढ्यावर थांबू नये. जयगडला, विजयदुर्गला, वेंगुर्ल्याला लोक कुठे झोपत, पाणी कुठून आणत, कुणाच्या पडवीत बाळंतीण बाई रात्रभर ठेवून घेतली, हेही त्यात आलं पाहिजे. ज्यांनी या रात्री काढल्या ती माणसं आता सत्तरीच्या, ऐंशीच्या पुढे आहेत. रामदासची तारीख कागदावर आहे, ती हरवणार नाही. पेज आणणाऱ्या बाईचं घर कुठलं, हे मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही. ते विचारायचं काम आपलं आहे, आणि ते याच वर्षी, गावी जाल तेव्हा करायला हवं.