मेंदूतील चेताजोडण्यांचे नकाशे आणि संशोधनप्रश्नाची मांडणी : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चेतापेशी एकमेकींशी कशा जोडलेल्या आहेत, याचा शोध सुमारे दीडशे वर्षे चालू आहे. हा इतिहास बहुधा उपकरणांच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात संशोधकांनी प्रश्न कसे मांडले, या दृष्टीने त्याचा विचार केला आहे.

एक पद्धत, दोन निष्कर्ष :
इटालियन वैद्य कामिल्लो गॉल्जी यांनी १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट व सिल्व्हर नायट्रेट वापरून ऊती रंगविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तीत मोजक्याच पेशी काळ्या होतात. मात्र त्या शाखांसह दिसतात. गॉल्जींनी त्यावरून तंतूंचे सलग जाळे कल्पिले. स्पेनमधील सान्तियागो रामोन इ काहाल यांनी तीच पद्धत सुधारून वापरली; परंतु तंतू नेमका कोठे संपतो, याकडे लक्ष केंद्रित केले. गुंता कमी असावा म्हणून त्यांनी भ्रूण व पिल्ले निवडली. १८८८ पासूनच्या त्यांच्या लेखनातून चेतापेशी स्वतंत्र असल्याचे मत पुढे आले. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले, तरी गॉल्जींनी आपले मत सोडले नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधील फट दाखविली आणि काहाल यांच्या मताला पुष्टी मिळाली.

प्रश्नानुरूप प्राणी :
१९६३ मध्ये केंब्रिज येथील सिडनी ब्रेनर यांनी अभ्यासासाठी एखादा अतिशय साधा प्राणी घ्यावा, असा प्रस्ताव मांडला. पुढे त्यांनी सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हा कृमी निवडला. त्याच्या उभयलिंगी रूपात ३०२ चेतापेशी असतात. जॉन व्हाइट व सहकाऱ्यांनी त्यांच्या जोडण्यांचा आराखडा १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी, १९८५ मध्ये, मार्टिन चाल्फी व सहकाऱ्यांनी 'हलक्या स्पर्शाने कृमी मागे किंवा पुढे सरतो, त्यास कोणत्या पेशी आवश्यक आहेत?' या मर्यादित प्रश्नाचे उत्तर शोधले होते. जोडण्यांवरून संभाव्य पेशी ठरवून त्या लेसरने नष्ट करावयाच्या व वर्तन तपासावयाचे, अशी ती रीत होती.

नकाशाची मर्यादा :
२०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या मेंदूतील सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशींचा नकाशा प्रसिद्ध झाला. तथापि जोडणी केवळ मार्ग दाखविते. संदेश कोणत्या वेळी किती प्रबळ असेल, किंवा जोडणीबाहेर पसरणारी रसायने त्यात कोणता बदल घडवतील, हे तिच्यावरून कळत नाही. म्हणूनच कृमीचा आराखडा हाती येऊनही त्याचे सर्व वर्तन उलगडलेले नाही.

निष्कर्ष :
'मेंदू कसा जोडलेला आहे?' हा विषय आहे, संशोधनप्रश्न नव्हे. कोणते वर्तन, कोणता प्राणी, कोणत्या पेशी आणि कोणत्या निरीक्षणाने गृहीतक चुकीचे ठरेल, हे निश्चित झाल्यावरच त्याचा प्रश्न होतो. उपलब्ध उपकरणावरून विषय ठरविण्याची प्रथा असलेल्या कोणत्याही ज्ञानशाखेस हा इतिहास विचारप्रवृत्त करणारा आहे.